महोत्सव उठला की त्या इमारतीचं पुढे काय? (पणजी, कोची, झालंच तर तुमच्या गावचं गोदाम)

मांडवीकाठचा

दर डिसेंबरात हा विषय डोक्यात येतो आणि कार्निव्हलपर्यंत विरून जातो, यंदा म्हटलं लिहूनच टाकू.

पणजीत सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिवल २०१६ ला सुरू झाला तेव्हापासून एकही वर्ष चुकवलेलं नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, आठ-दहा दिवस अख्खं पणजी म्हणजे एक मोठं प्रदर्शन असतं, आदिलशाही राजवाडा, सांता मोनिका जेटी, कला अकादमी आणि माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे जुनी जीएमसी, गोवा मेडिकल कॉलेजची जुनी इमारत. ही इमारत गोव्याबाहेरच्यांना इफ्फी ह्या चित्रपट महोत्सवामुळे माहीत असते, २००४ ला इफ्फी आला तेव्हा शेजारी मल्टिप्लेक्स उभं राहिलं. पण आमच्या आधीच्या पिढीसाठी ते हॉस्पिटल. १८४२ च्या पोर्तुगीज मेडिकल स्कूलची परंपरा सांगणारं. माझी आई अजून तिथून जाताना "इथं तुझ्या मामाचं अपेंडिक्स काढलं" म्हणून बोट दाखवते. हॉस्पिटल बांबोळीला गेलं आणि इमारत रिकामी झाली, मग तिथे मॉल करायचा घाट घातला गेला, लोकांनी विरोध केला, २००७ मध्ये रणजित होस्कोटेंनी गोव्याच्या चित्रकारांचं 'अपरांत' नावाचं प्रदर्शन ह्याच इमारतीत भरवलं. म्हणजे इथे कला लावता येते हे पहिल्यांदा कळून बरीच वर्षं झाली.

तर यंदा फेस्टिवल संपल्यावर जानेवारीत दुपारी डबा खाऊन सहज तिकडे फेरी मारली. गेटच्या आत कोणी नाही. फरशीवर गॅफर टेपचे चिकट पट्टे, आणि खांबावर एक बाण, 'वॉशरूम'. बाणाच्या दिशेने बघितलं तर नुसतं गवत. ते पोर्टेबल टॉयलेट कधीच ट्रकात बसून गेलेलं, बाण मात्र अजून ड्युटीवर.

प्रश्न साधा आहे. दहा दिवस जिथे हजारो माणसं येतात ती जागा उरलेले तीनशे पंचावन्न दिवस गावाची का होऊ नये? तालमीची जागा, छोटी गॅलरी, मुलांचे क्लास, काहीही. कोणी कुठे असं झालेलं पाहिलंय का?

इरसाल पेठकर

आपल्याकडे तात्पुरतं कायमचं व्हायला काही लागत नाही हो, आमच्या चौकातला गणपतीचा मांडव बघा. पहिल्या वर्षी बांबू, पाचव्या वर्षी लोखंडी अँगल, दहाव्या वर्षी टाइल्स आणि आता नळाचं कनेक्शन. तुम्ही गोवेकर उगाच परवानग्या मागत बसता. (दिवे घ्या)

आता जरा सीरियसली. सगळंच कायमचं करायची हौस का म्हणे? सवाई, म्हणजे पुण्यातला सवाई गंधर्व संगीत महोत्सव, १९५३ पासून चालू आहे, आम्ही कित्येक वर्षं रमणबागेत सतरंजीवर बसून ऐकला, आता मुकुंदनगरला होतो. मांडव घातला, गाणं झालं, मांडव काढला, शाळेची पोरं परत क्रिकेट खेळायला मोकळी. त्या मैदानावर कोणी 'कायमस्वरूपी सांस्कृतिक संकुल' बांधलं असतं तर पोरांचं मैदान गेलं असतं आणि संकुलात एव्हाना साड्यांचा सेल लागला असता.

कोचीकरीण

पेठकर, साड्यांच्या सेलवर हसले पण मुद्दा पूर्ण पटला नाही. मैदान आणि बंद पडलेली इमारत ह्यात फरक आहे ना. मैदान रिकामं असतं तेव्हाही कामाचं असतं, इमारत रिकामी राहिली की सडते.

नवऱ्याच्या नेव्हीतल्या पोस्टिंगमुळे कोचीत राहिले आणि मग इथलीच झाले. तर अ‍ॅस्पिनवॉल हाउसची गोष्ट सांगते, मांडवीकाठच्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

फोर्ट कोचीत समुद्राला लागून मोठ्ठी वखार आहे, १८६७ ला एका इंग्रज व्यापाऱ्याने सुरू केलेल्या कंपनीची. मिरी, आलं, हळद, खोबरेल, नंतर काथ्या, सगळं इथून जहाजावर चढायचं. धंदा गेला, वखारी ओस पडल्या. २०१२ ला, म्हणजे १२-१२-१२ हा मुहूर्त साधून, पहिलं कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी होणारं मोठं कलाप्रदर्शन, झालं तेव्हा हीच मुख्य जागा. (रच्याकने, म्हणजे जाता जाता, ज्या दोघांनी हे सुरू केलं ते बोस कृष्णम्माचारी आणि रियाझ कोमू दोघेही मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकलेले, आणि २०१४ ला जितीश कल्लाट, २०१६ ला सुदर्शन शेट्टी, दोन्ही क्युरेटर (प्रदर्शनाची निवड आणि मांडणी करणारे) मुंबईचे. त्यामुळे 'हे केरळचं, आपलं काय' असं म्हणायची सोय नाही.)

माझा धाकटा तेव्हा चार वर्षांचा. त्या वखारीत एवढी मोठी खोली, वर कौलं, खिडकीतून डायरेक्ट मालवाहू जहाज जाताना दिसतं, आणि तो चित्रं सोडून जहाजच बघत उभा. तिकीट काढून जहाज बघितलं म्हणा ना. इथल्या रिक्षावाल्यांपासून सगळ्यांच्या तोंडी 'अ‍ॅस्पिनवॉल' म्हणजे बिएनाले असं समीकरण झालं.

पण मालकी कोणाची? बिएनालेची नाही, सरकारचीही नव्हती, डीएलएफ ह्या बिल्डर कंपनीची. दर दोन वर्षांनी मागायची, वापरायची, परत द्यायची. सरकारने ती विकत घेऊन कायमची कलेसाठी ठेवावी अशी चर्चा वर्षानुवर्षं चालली. २०२२ ला जागा वेळेवर ताब्यात आली नाही आणि १२ डिसेंबरचं उद्घाटन ऐनवेळी २३ डिसेंबरवर गेलं. लोक परदेशातून तिकिटं काढून आलेले, आमच्याकडे पुण्याहून नणंद आलेली, दारावरून परत. कलाकारांनी उघड पत्र लिहून नाराजी कळवली. पुढे त्या आवाराचा काही भाग तटरक्षक दलाकडे गेला. म्हणजे दहा वर्षं त्या जागेवर जीव लावला तरी कागद दुसऱ्याच्या नावावर असला की काय होतं बघा. सहावं बिएनाले १२ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, क्युरेटर निखिल चोप्रा, तुमच्या गोव्यातले कलाकार, आणि नाव काय दिलंय माहितीये, 'फॉर द टाइम बीइंग'. मराठीत 'तूर्तास'. मी नवऱ्याला म्हटलं, जागेच्या करारावर पण हेच लिहिलं असणार.

उलट उदाहरण पण इथलंच. एर्नाकुलमला दरबार हॉल आहे, राजाच्या काळातला, ललितकला अकादमीचा. पहिल्या बिएनालेच्या निमित्ताने त्याची नीट डागडुजी झाली, चांगली लाइट, भिंती. ते सगळं मागे राहिलं. आज बिएनाले नसतानाही तिथे प्रदर्शनं लागतात, मुलांना घेऊन फुकट जाता येतं. फरक एवढाच की दरबार हॉलला आधीपासून एक घरमालक होता ज्याचं कामच चित्रं लावणं होतं.

रेघोट्या

कोचीकरीण ताईंच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. मी आर्किटेक्ट, जुन्या इमारतींचीच कामं करतो, म्हणून थोडं कोरडं लिहितो, चालवून घ्या.

महोत्सवासाठी जी परवानगी मिळते ती कार्यक्रमाची असते. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, फायर ब्रिगेडची गाडी बाहेर उभी, जनरेटर भाड्याचा, टॉयलेट भाड्याचं, एसी भाड्याचे, भिंती प्लायच्या. इमारतीला कोणी हातच लावत नाही, तिच्या पोटात दुसरी खोटी इमारत बांधतात आणि दहा दिवसांनी काढून नेतात. त्यामुळे लोकांना वाटतं की अरे किती छान तयार आहे, नुसतं दार उघडं ठेवायचंय. तयार काहीच नसतं. कायमचं करायचं म्हटलं की वापरबदल आला, दुसरा जिना आला, रॅम्प आला, वायरिंग सगळं नवीन, वरच्या मजल्याची लाकडी तुळई एका वेळी किती माणसं पेलते ह्याचा हिशोब आला.

आणि दमट हवा. गोव्या-कोकणातल्या जुन्या भिंती जांभ्याच्या आणि चुन्याच्या, त्या पाणी पितात आणि उन्हाळ्यात सोडतात. कोणीतरी उत्साहाच्या भरात वरून सिमेंटचा गिलावा आणि चकचकीत ऑइलपेंट मारतो की पाणी आत कोंडतं, दोन पावसाळ्यांत पोपडे. डिसेंबरात सगळ्याच भिंती देखण्या दिसतात. जुलैत जाऊन बघा आणि मग ठरवा.

अवांतर: मुंबईत ससून डॉकला २०१७ ला स्ट्रीट आर्टवाल्यांनी प्रदर्शन केलं होतं, २०२२-२३ च्या हिवाळ्यात परत. १८७५ चा धक्का, आत जुनी गोदामं. गर्दी तुफान. पण तिथे पहाटे मासळीचा लिलाव असतो, कोळणी आणि कोळंबी सोलणाऱ्या बायका तिथे रोज कामाला असतात, ती त्यांची जागा आहे. आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला इथे पर्मनंट आर्ट डिस्ट्रिक्ट व्हायला पाहिजे, वास तेवढा काढला पाहिजे. मी म्हटलं, बाबा, वास काढला की धक्काच गेला.

इरसाल पेठकर

वास काढला की धक्काच गेला, हे बेस्ट. मी पण तेच म्हणत होतो फक्त मला एवढं नीट म्हणता आलं नाही.

गोदामवाली

एरवी वाचनमात्र असते, पण धाग्याच्या नावातच गोदाम आहे म्हटल्यावर लिहिणं भाग आहे.

मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. नाव लिहीत नाही, गावातले लोक इथे वाचतात आणि त्यातल्या काहींशी मला रोज बोलायचं असतं. एका संस्थेचं मोठं गोदाम वर्षानुवर्षं रिकामं होतं. पत्र्याचं छत, तीन शटर, आत कबुतरं. आम्ही काही शिक्षक आणि नाटकवाल्या पोरांनी मिळून तिथे तीन दिवसांचा महोत्सव केला, चित्रं, एकांकिका, कविता, एक रात्र भारूड. कबुतरांची घाण काढायलाच चार दिवस गेले. पण काय गर्दी! गावातल्या बायका म्हणायच्या, अगं आम्ही हे गोदाम आतून पहिल्यांदा बघतोय.

चौथ्या दिवशी मांडववाल्याने गालिचे गुंडाळले, लाइट काढले आणि आम्हाला दिसलं की आपल्याकडे काय आहे, तर एक अंधारी खोली. तरी जोश होता. संस्थेच्या लोकांना विचारलं, ते म्हणाले वापरा की, आपलंच आहे. तोंडी. इथेच चुकलो.

चावी संस्थेच्या शिपाईमामांकडे. मामा पाच वाजता शेतावर जाणार, आमची तालीम सातला. तीन महिने पोरांनी बाहेरच्या ओट्यावर रस्त्याच्या दिव्याखाली तालीम केली, आत एवढं मोठं गोदाम बंद. मग दुसरी चावी मिळावी म्हणून अर्ज, मग ठराव, मग ठरावाची नक्कल. ती चावी हातात आली त्या दिवशी आम्ही पेढे वाटलेत, हसू नका. दोन महिन्यांनी तालमीला गेलो तर आत साखरपुडा चाललेला. भाड्याने दिलेलं. आमचा नाटकाचा पडदा जेवणाच्या टेबलावर अंथरलेला आणि त्यावर मठ्ठ्याचं पातेलं. मी तिथे सगळ्यांसमोर रडले, वधूपक्षाने मला जेवायला बसवलं.

तेव्हापासून सगळं लेखी. अकरा महिन्यांचा करार, महिना पंधराशे, वार ठरलेले, लाइटबिल आमचं. आणि लाइटबिल कमर्शियल मीटरचं, ते कोण भरणार? कलेतून एक रुपया येत नव्हता. उपाय पोरांनीच काढला. दिवसा तिथे अभ्यासिका सुरू केली, पोलीस भरती आणि एमपीएससीवाली पोरं, महिना तीनशे. ती पोरं सकाळी आठला उघडतात, झाडतात, संध्याकाळी सहाला आम्हाला चावी देतात. त्यांच्या पैशावर तबला चालतो. शनिवारी भजनी मंडळ, त्यातल्या आजोबांनी एक पंखा दिला.

दुसरी गोष्ट टॉयलेट. पहिल्या वर्षी मुली सात वाजले की निघून जायच्या, आम्हाला वाटायचं घरून परवानगी नसेल. एका मुलीने शेवटी सांगितलं, मॅडम जायचं कुठे. वर्गणी काढून एक बांधलं, त्याच वर्षी एकांकिकेत पहिल्यांदा मुलीचं काम मुलीने केलं.

रेघोट्या

ताई, हे एखाद्या कॉलेजात शिकवायला हवं. पत्र्याखाली आवाज घुमत नाही का?

गोदामवाली

घुमतो म्हणजे, 'आई' म्हटलं की तीन आया. बारदानाची पोती उसवून भिंतींवर सोडली, निम्मा कमी झाला. पाऊस आला की मात्र संवाद बंद, सगळे चहा पितात. जूनमध्ये प्रयोग ठेवतच नाही.

ससेमिरा

अभ्यासिकेला तुम्ही सांस्कृतिक केंद्र म्हणताय? गावोगाव अभ्यासिकाच आहेत मग. त्यात कला कुठे आली? शेवटी पंधराशे रुपयात गोदाम ही तडजोडच.

कोचीकरीण

ससेमिरा, तडजोड असेल, पण चावी त्यांच्या हातात आहे. अ‍ॅस्पिनवॉलवाल्यांना विचारा.

बर्फातला बाळ्या

उशिरा आलो. कामानिमित्त जपानात निइगाताला आहे, इथे ह्या विषयाचं अख्खं विद्यापीठ आहे म्हणून लिहितो. एचिगो-त्सुमारी नावाचा डोंगराळ भाग, हिवाळ्यात बर्फ माणसाच्या डोक्याच्या वर. तरुण शहरात गेले, घरं ओस, शाळा बंद. २००० साली फ्राम कितागावा ह्या माणसाने तिथे दर तीन वर्षांनी होणारा कलामहोत्सव सुरू केला, एका हॉलमध्ये नाही तर साधारण ७६० चौरस किलोमीटरच्या खेड्यांत, शेतांत, रिकाम्या घरांत. महोत्सव संपला तरी बरीच कामं तिथेच ठेवली.

एक बंद प्राथमिक शाळा २००९ पासून चित्रपुस्तकांचं म्युझियम आहे. एक घर आहे, विद्यार्थ्यांनी छिन्न्या घेऊन आतून सगळं कोरलं, भिंती, जमीन, आढं, एक इंच सोडला नाही, आज तिथे मुक्काम करता येतो. पण मला आवडतं ते उबुसुना हाउस. १९२४ चं गवती छपराचं शेतकऱ्याचं घर, २००४ च्या भूकंपात खिळखिळं झालं, २००६ ला दुरुस्त करून कुंभारकामाच्या कलाकारांनी चूल, बेसिन, न्हाणी सगळं मातीचं केलं. आणि खाली जेवणघर, ते गावातल्या बायका चालवतात. मी गेलो तेव्हा वाढणाऱ्या आजीबाईंनी विचारलं कुठला, म्हटलं इंडिया, तर भात दुसऱ्यांदा न विचारता वाढला. त्या आजींना समकालीन कलेतलं काय कळतं माहीत नाही, पण पाहुणा उपाशी जाणार नाही ह्यात त्यांचा हात कोण धरणार?

आणि हो, त्याच भागात, तोकामाची इथे, एका बंद शाळेत मिथिला म्युझियम आहे, १९८२ पासून, एका जपानी माणसाने उभं केलेलं. मधुबनीबरोबर तिथे वारली चित्रं आहेत, आपल्या डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तिथे जाऊन चित्रं काढून आलेत. बर्फात गाडलेल्या शाळेत तारपा नाच बघताना कसं वाटतं ते लिहिता येत नाही.

मांडवीकाठचा

दोन दिवस धागा वाचतोय आणि स्वतःचाच प्रश्न बदलत चाललाय.

मी जुन्या जीएमसीचं स्वप्न बघत होतो, पण माझं गाव फोंड्याजवळ. तिथे देवळाच्या शेजारी पत्र्याचा रंगमंच आहे, जत्रेला रात्री मराठी नाटक होतं, गावातलेच नट, दरवर्षी, माझे आजोबा स्त्रीपार्ट करायचे. गोव्यात गावागावात आहे हे. जत्रा संपली की त्या रंगमंचावर वर्षभर खुर्च्यांच्या थप्प्या. कला अकादमीच्या स्पर्धेत उतरणारी पोरं तालमीला कोणाच्या तरी गॅरेजमध्ये. सरकारने रवींद्र भवनं बांधलीत, मडगाव, साखळी, कुडचडे, चांगली आहेत, पण तालमीसाठी रोज भाडं कोण देणार? म्हणजे मी तीस किलोमीटर लांबची राजेशाही इमारत मागतोय आणि आमच्या वाड्यावरच्या रंगमंचाची चावी कोणाकडे आहे हेही मला माहीत नव्हतं. काल आईला विचारलं. देवस्थानच्या एका काकांकडे आहे, माझ्या वडिलांच्या वर्गातले.

जुन्या जीएमसीवरचा हक्क सोडलेला नाही हां, तिथे सरकारनेच घरमालक नेमायला हवा, दरबार हॉलसारखा, बारा महिन्यांचा. ते मागत राहणारच. पण रविवारी काकांना भेटतोय. लेखी मागणार, वार ठरवून. पेठकर, परवानगी घेऊनच, आम्ही गोवेकर.

इरसाल पेठकर

पेढे आधी घेऊन जा. नंतर वाटायचे नसतात, आधी द्यायचे असतात.

गोदामवाली

आणि टॉयलेट आहे का तिथे ते आधी बघा.

मांडवीकाठचा

देवळाचं आहे, पण रात्री कुलूप. ती दुसरी चावी. लिहून घेतलं. ताई, बारदानं किती लागली, आणि धुवून लावलीत की तशीच?

गोदामवाली

साठ. धुवू नका, आकसतात आणि वास येतो. दोन दिवस कडक ऊन दाखवा, झटका आणि लावा. पहिला आठवडा सगळे शिंकतील. आमच्या तबल्याच्या सरांनी तर एक अख्खा तीनताल शिंकत काढला.